आवड माझी, बोभाटा गावभर

कलियुग कलियुग म्हणतात ते आणखी काय असतं? ज्या पुण्यात दारात नवी गाडी उभी राहिली की मालकाचं अभिनंदन करण्याआधी ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ असं विचारायची रीत होती, त्या पुण्यात हल्ली भलतंच सुरू आहे. चांगली शिकलीसवरलेली, कर्जाचे हप्ते वेळेवर भरणारी, कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपये कमी करून घेतल्याशिवाय मंडईतून न हलणारी माणसं क्रूझर मोटारसायकली घेत सुटली आहेत! आणि अ‍ॅव्हरेज विचारलं तर उत्तरच देत नाहीत. नुसती हसतात. भर मैफलीत कुणी तबलजीचा मिनिटाचा दर विचारला तर गवई हसेल, तसं.

फारच खनपटीला बसलं तर म्हणतात, ‘शेवटी ही पर्सनल चॉइस असते हो.’ पर्सनल! दोन-अडीचशे किलोचं लोखंड, त्यावर क्रोमचा लखलखाट, रविवारी पहाटे सुरू केलं की तिसऱ्या मजल्यावरचं तान्हं बाळ जागं आणि तळमजल्यावरच्या कुत्र्याला कंठ फुटलेला, ते यांचं पर्सनल. चहात साखर किती घ्यायची ही झाली वैयक्तिक आवड. ती कपापुरती असते. ही आवड तर सबंध गल्लीला वाटली जाते. मग गल्ली चार शब्द बोलली तर बिघडलं कुठे?

आधी यांचं बसणं बघा. साधी मोटारसायकल चालवणारा माणूस कसा ताठ बसतो, गुडघे टाकीला चिकटलेले, चेहऱ्यावर ऑफिसची काळजी. क्रूझरवाल्याची तऱ्हाच निराळी. सीट खाली, हँडल रुंद आणि आपणहून छातीपाशी आलेलं, पुढचं चाक लांब कुठेतरी पुढे गेलेलं आणि पाय? पाय सरळ पुढे पसरलेले! आमच्या पिढीला मोठ्या माणसांसमोर पाय पसरून बसलं म्हणून चापट बसायची. इथे डेक्कनच्या सिग्नलला, पीएमपीच्या बसमधल्या पन्नास माणसांसमोर, एक सुखवस्तू गृहस्थ पाय पसरून बसला आहे आणि गॉगलमधून आकाश बघतो आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे शाळेत फळ्यावर लिहून घेतलेलं सगळं वाया गेलं. आता अंथरुणाचं काम फायनान्स कंपनी करते.

बरं, हे खूळ आपलं नव्हे, अमेरिकेचं. तिथले रस्ते सरळ, गावं लांब, दिवस मोकळे. हार्ली-डेव्हिडसन १९०३ पासून मिल्वॉकीची आणि तिची जुनी वैरीण १९०१ पासून मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डची. तिचं नाव ‘इंडियन’, पण त्यावर आपण हक्क सांगायला जाऊ नये. दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या पोरांनी या गाड्यांचे नको ते भाग कापून काढायला सुरुवात केली, पुढचं चाक लांबवर नेलं, हँडलं उंचावली. १९६९ साली ‘ईझी रायडर’ सिनेमा आला आणि काम न करता लांब जाणाऱ्या माणसाला एकदम प्रतिष्ठा मिळाली. आपल्याकडे काम न करता लांब जाणाऱ्याला आजही आधी घरी काय सांगितलंस ते विचारतात.

आणि सांगायला जीभ रेटत नाही, पण हे खूळ देशात स्वस्त करून वाटलं ते आपल्याच आकुर्डीनं! ज्या बजाजनं घराघरात स्कूटर दिली, पुढे एक पाटी, मागे एक पत्नी आणि मध्ये दोन मुलं असा संसार चालवून दाखवला, त्याच बजाजनं २००१ साली कावासाकीला हाताशी धरून ‘एलिमिनेटर’ आणली. १७५ सीसीची, लांबुळकी, आरामखुर्चीत बसल्याचा भास देणारी. २००५ मध्ये तिचीच ‘अ‍ॅव्हेंजर’ झाली, किंमत खाली आली आणि मध्यमवर्गाचे पाय पुढे सरकले. पुढे जाहिरात तर अशी केली की हिच्यावर बसल्यावर माणसाला देव झाल्यासारखं वाटतं म्हणे. देव! आमचा देव अठ्ठावीस युगं विटेवर उभा आहे, कमरेवरचे हात त्यानं अजून काढलेले नाहीत. हे निघाले शेषशायी व्हायला. त्याच दशकात कायनेटिकनं कोरियाच्या ह्योसंगची ‘अक्विला’ही आणली होती, २५० सीसीची, चांगल्या दोन सिलिंडरची. तेव्हाची माणसं शहाणी. गाडीभोवती चक्कर मारली, इंजिनाचं कौतुक केलं, अ‍ॅव्हरेज विचारलं आणि नमस्कार करून निघाली.

आता मुख्य भानगडीकडे येऊ. या लोकांत एकी असेल असं तुम्हाला वाटत असेल तर ते डोक्यातून काढा. टपरीवर दोन बुलेटवाले आणि एक मिटिऑरवाला उभे असतील तेव्हा नुसतं भोळेपणानं विचारा, ‘बुलेट ही क्रूझर असते का हो?’ आणि बाजूला व्हा. बुलेटवाला म्हणणार, ही तर सगळ्या क्रूझरांची आई. मिटिऑरवाला म्हणणार, बुलेटचे फूटपेग मधोमध, पाठ ताठ, सीट उंच. ही कसली क्रूझर? खरं तर तोच बरोबर आहे. खुद्द रॉयल एनफील्ड कंपनीनंच बुलेट असताना २००२ मध्ये ‘थंडरबर्ड’ वेगळी काढली आणि २०२० मध्ये तिच्या जागी ‘मिटिऑर ३५०’ बसवली, ती काय उगाच? पण हे बुलेटवाल्याला सांगायचं कुणी? बुलेट हे वाहन नाही, ते कुळाचार आहे. वडगाव मावळजवळच्या एका हॉटेलानं २०२१ मध्ये चार किलोची मांसाहारी थाळी एका तासात संपवणाऱ्याला बुलेट बक्षीस ठेवली होती, आणि एक पठ्ठ्या सोलापूरकडून येऊन ती जिंकूनही गेला! फ्रिज ठेवला असता तर कुणी एवढा जिवावर उदार होऊन जेवला असता का?

जुन्या बुलेटवाल्यांचा तोरा तर विचारूच नका. मद्रासला १९५५ पासून ही गाडी जोडायला लागले, आणि कितीतरी वर्षं तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. म्हणजे आजच्या सगळ्या गाड्यांच्या उलट. ती सुरू करायची पद्धत एकदा जवळून बघण्यासारखी आहे. आधी एक बारीकशी कळ दाबून धरायची, म्हणजे सिलिंडरमधला दाब सुटतो. मग किक हळूहळू दाबत न्यायची, आणि नजर मात्र टाकीच्या पुढे हेडलाइटच्या डोक्यावर बसवलेल्या अ‍ॅमीटरच्या काट्यावर. काटा बरोब्बर मध्यावर आला की कळ सोडायची, किक वर घ्यायची, मनात कुलदैवताचं नाव घ्यायचं आणि सगळं वजन टाकायचं. चुकलं तर किक उलटी येऊन नडगीचा हिशेब चुकता करते. एवढं सगळं करून ऑफिसला उशीर होतो आणि हे म्हणतात, ‘गाडीशी नातं जुळतं.’ नडगीशी जुळत असेल.

नव्या बुलेटच्या इंजिनात बटण दाबलं की काम झालं. आत एक बॅलन्सर शाफ्ट बसवलाय, त्यानं थरथर मारली. सुखाची गोष्ट की नाही? नाही! जुने लोक म्हणतात, ‘आता ती मजा राहिली नाही. पूर्वी हात बधिर व्हायचे.’ मला सांगा, हात बधिर न होण्याबद्दल तक्रार करणारा दुसरा कुठला ग्राहकवर्ग या देशात असेल?

आणि तो आवाज! त्यालाही कारण आहे बरं का, नुसता उद्धटपणा नाही. या ३४९ सीसीच्या इंजिनात पिस्टनची रुंदी ७२ मिलिमीटर आणि त्याची फेरी ८५.८ मिलिमीटरची. एकच मोठा पिस्टन, लांबच लांब वरखाली जाणार, फिरण्याची घाई नाही. म्हणून ठोका सुटा सुटा ऐकू येतो, आणि म्हणूनच ही गाडी कमी फेऱ्यांत भरपूर जोर देते. तिचा सगळा २७ न्यूटन मीटरचा टॉर्क ४००० फेऱ्यांनाच हाताशी येतो. चढावर गिअर न बदलता सावकाश ओढत नेते ती याच गुणामुळे. हार्लीची तऱ्हा वेगळी. तिच्यात दोन सिलिंडर ४५ अंशांत फाकलेले, पण दोघांचे दांडे एकाच क्रँकपिनला अडकवलेले. त्यामुळे ठिणग्या सारख्या अंतरानं पडतच नाहीत: एकदा ३१५ अंशांनी, एकदा ४०५ अंशांनी. म्हणून तो लंगडत लंगडत येणारा ठेका. आता कुणी आपल्या लंगडण्याची जाहिरात करेल का? या कंपनीनं १९९४ साली चक्क त्या आवाजाचा ट्रेडमार्क मागितला! बाकीचे कारखानदार खवळले, वाद चालला, आणि २००० साली अर्ज मागे घेतला. सहा वर्षं एका आवाजासाठी वकिलांना पोसलं. हौसेला मोल नाही म्हणतात, पण वकिलाला असतं.

आपल्याकडच्या उत्साही मंडळींना मूळ आवाजही पुरत नाही. कंपनीचा सायलेन्सर काढून फटाके फोडणारा बसवायचा आणि वृद्धाश्रमासमोरून जाताना थ्रॉटल सोडून फाड्कन वाजवायचा, यात पुरुषार्थ. पोलिसांनी पुण्यात, नागपुरात असे सायलेन्सर जप्त करून रस्त्यावर ओळीनं मांडले आणि त्यावरून रोड रोलर फिरवला. फोटो सगळ्यांनी पाहिले. कित्येक आयांनी तो फोटो मुलांना पाठवला आणि खाली काही लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती.

नंबर प्लेटची चैनही गेली बिचाऱ्यांची. पूर्वी चॉइस नंबरसाठी आरटीओत वट लावून ४१४१ घ्यायचे आणि ते असं वळवून रंगवायचे की दुरून ‘दादा’ दिसलं पाहिजे. आता उच्च सुरक्षा पाटी आली. ठरावीक अक्षरं, ठरावीक जागा. दादा पुन्हा आकडा झाले.

पण चर्चेचा खरा रस शोरूममध्ये आहे. शनिवारी संध्याकाळी जाऊन बसा एकदा. गृहस्थ येतात, पोट आत घेतात, रॉयल एनफील्डच्या ‘क्लासिक’वर टांग टाकतात. स्टँडवरून गाडी सरळ करतात. आणि टाच फरशीवरून हलकेच उचललेली राहते! बोटावर उभे. बायको बघत असते. मग हळूच सीटच्या डाव्या कडेला सरकतात, म्हणजे एक पाऊल तरी पुरतं टेकतं, आणि आरशात बघतात. आरसा मागची वाहनं बघण्यासाठी असतो. हे स्वतःला बघतात. विक्रेता मुरलेला असतो. तो इंजिनाबद्दल बोलतच नाही, म्हणतो, ‘सर, फोटो काढू?’ इथे सौदा पटला म्हणून समजा.

अहो, सीटची उंची हा आकडा कागदावर छापलेला असतो! क्लासिक ३५० ची ८०५ मिलिमीटर. मिटिऑरची ७६५. आता चार सेंटिमीटरांचा फरक म्हणजे काय ते सिग्नलला चढावर उभं राहिल्यावर कळतं. पण इथेही गंमत आहे. लोकांना वाटतं सीट खाली म्हणजे गाडी सोपी. आपली स्प्लेंडर घ्या: सीट ७८५ मिलिमीटर, वजन ११२ किलो. आणि ‘सुपर मिटिऑर ६५०’: सीट अवघी ७४०, स्प्लेंडरपेक्षाही खाली, आणि वजन २४१ किलो! म्हणजे दोन स्प्लेंडर आणि वर किराण्याची पिशवी. पाय टेकतात हो, छान टेकतात. पण एकदा का ती पाच अंशांपलीकडे कलली की टेकलेले पाय नुसते साक्षीदार. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये एकानं उताराकडे तोंड करून ही लावली. लावताना ऐट होती. सकाळी ती मागे खेचायची वेळ आली. वॉचमन, दूधवाला आणि वरच्या मजल्यावरचे दोन कॉलेजकुमार लागले. मोटारसायकलला रिव्हर्स गिअर नसतो ही माहिती त्या दिवशी सबंध विंगला मिळाली.

पैशाची गोष्ट तर तोंडावर पदर घेऊनच बोलायला हवी. २२ सप्टेंबर २०२५ पासून सरकारनं काय केलं? ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आणला, आणि त्याच्या वरच्यांना ४० टक्के लावला. म्हणजे ३४९ सीसीची हौस ही गरज आणि ६४८ सीसीची हौस ही चैन, हे आता सरकारी कागदावर ठरलं. ज्यांनी ‘साडेसहाशेच घेणार, बाकी सब झूट’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर जाहीर केलं होतं, त्यातल्या अनेकांना अचानक साडेतीनशेमधला साधेपणा भावू लागला. पर्सनल चॉइस कशी बदलते बघा. अर्थमंत्री दिल्लीत भाषण करतात आणि आवड इथे कोथरूडमध्ये बदलते.

आणि हार्लीच्या प्रकरणात तर आपला हापूस ओढला गेलाय, हे ठाऊक आहे का? अमेरिकेनं १९८९ पासून भारतीय आंब्याला किडीच्या कारणानं दार बंद केलं होतं. २००७ साली दोन्ही देशांत देवाणघेवाण ठरली: आंब्यावर किरणांचा मारा करून तो निर्धोक केला तर अमेरिका घेणार, आणि त्या बदल्यात भारत अमेरिकेच्या मोठ्या मोटारसायकली येऊ देणार. मारा कुठे झाला? नाशिक जिल्ह्यात, कांद्याच्या लासलगावात! कोकणातला हापूस घाट चढून लासलगावी गेला, किरणं घेतली, विमानात बसला आणि त्याच्या जिवावर इकडे हार्लीचा रस्ता मोकळा झाला. आता बोला! बागायतदार झाडावर फवारणी करत होता तेव्हा त्याला कुठे माहीत की आपण कुणाच्या तरी लेदर जॅकेटची सोय करतो आहोत.

बरं, एवढं करून हार्ली आली २०१० मध्ये, दहा वर्षं राहिली, २०२० मध्ये गाशा गुंडाळायची घोषणा केली आणि लगेच हीरोशी हातमिळवणी केली. जुलै २०२३ मध्ये दोघांची ‘एक्स ४४०’ आली, २ लाख २९ हजारांपासून पुढे. झालं! जुन्या हार्लीवाल्यांनी नाकं मुरडली, ‘हार्ली आणि एकच सिलिंडर?’ पाय पुढे पसरायची सोय नाही, तो लंगडा ठेका नाही. पण टाकीवर नाव तेच. लोकांनी घेतली. टाकीवरचं नाव वाचायला सिलिंडर मोजावे लागत नाहीत.

आता सगळ्यात नाजूक विषय. हल्ली ‘बॉबर’ नावाची एक जात निघाली आहे. मागचं मडगार्ड तोकडं, बाकी सगळा फापटपसारा कापलेला, आणि सीट... एकच. एकच माणूस बसणार! जावानं २०१९ मध्ये अशी ‘पेराक’ विकायला काढली तेव्हा कित्येक घरांत पेपर दुमडून ठेवले गेले असतील. लग्न झालेला माणूस, आणि दोन लाखांची गाडी घेतो तीत दुसऱ्याला जागा नाही? हे मनातलं असं उघड लोखंडात ओतून घेतात का कुणी? रॉयल एनफील्ड मात्र संसारी. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात वागातोरच्या आपल्या जत्रेत तिनं ‘गोअन क्लासिक’ काढली. पांढऱ्या पट्ट्याचे टायर, उंच हँडल, ७५० मिलिमीटरची सीट आणि मागची सीट काढता-घालता येणारी. म्हणजे सासरी जाताना लावायची, मित्रांकडे जाताना काढायची. गोव्यातल्या मिस्त्रींनी जुन्या बुलेटी कापून कापून जे वर्षानुवर्षं केलं तेच कंपनीनं कारखान्यात केलं आणि नावही गोव्याचंच दिलं. तेवढा प्रामाणिकपणा मान्य.

बायकांचं म्हणाल तर त्यांनी या चर्चेला केव्हाच मागे टाकलं. पाडव्याला गिरगावच्या, डोंबिवलीच्या शोभायात्रेत नऊवारी, नथ, फेटा आणि गॉगल अशा थाटात बुलेटी निघतात आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर झळकतात. नऊवारीला कासोटा असतो. टांग टाकून बसायला तिच्यासारखं वस्त्र नाही, हे घोड्यावर बसणाऱ्यांना कधीच कळलं होतं. आणि यांची एक गोष्ट मात्र ऐकून मी चाट पडले. या शोरूममध्ये गेल्या की आरशात नंतर बघतात, आधी विचारतात सीट किती उंच आणि वजन किती. म्हणजे निवड करावी कशी हे ज्यांना कळतं त्यांच्याबद्दल बोलायला आपल्याकडे काहीच उरत नाही. फार वाईट वाटलं.

पण खरी फजिती सांगू का? या गाड्या कशासाठी असतात? सरळ, लांब, मोकळ्या रस्त्यावर एका लयीत जाण्यासाठी. असे रस्ते महाराष्ट्रात कुठे आहेत? मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग: दुचाकीला बंदी. समृद्धी महामार्ग, मुंबईपासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर, ‘ईझी रायडर’वाल्यांनी हेवा करावा असा: दुचाकीला बंदी. वरळीचा सागरी सेतू, अटल सेतू, मुंबईचा किनारी रस्ता: बंदी, बंदी, बंदी! या राज्यात जिथे जिथे रस्ता सरळ झाला तिथे तिथे क्रूझरला दारातूनच परत पाठवलं. मग ही मंडळी जातात कुठे? ताम्हिणी, वरंध, आंबोली. तिथे वळणं अशी की लांबलचक गाडी अर्धी वळते, तोवर समोरून एसटी पूर्ण वळलेली असते. जरा जास्त कलंडवली तर पुढे पसरलेले फूटपेग डांबराला घासून ठिणग्या टाकतात. आणि खड्डा आला तर? साध्या मोटारसायकलवर माणूस पायांवर जोर देऊन किंचित उठतो, धक्का गुडघ्यांत जिरतो. क्रूझरवर पाय पुढे, उठणार कशावर? सगळा खड्डा माकडहाडाला. सुपर मिटिऑरच्या मागच्या चाकाला वरखाली व्हायला १०१ मिलिमीटर आणि पोटाखाली जमिनीपासून १३५ मिलिमीटर. आपल्या नगरसेवकांनी बांधून दिलेला गतिरोधक हे आकडे वाचत नाही. म्हणून रविवारी पहाटे जॅकेट, हातमोजे, गुडघ्याला कवच असा जामानिमा करून निघायचं, जुन्या हायवेनं जाऊन मिसळ खायची आणि ऊन चढायच्या आत घरी. सोमवारी सकाळी ऑफिसला? ऑफिसला बायकोची अ‍ॅक्टिव्हा.

तुम्ही म्हणाल, इतकं बोलताय तर घ्यायची तरी कशी? तर ऐका. यांची सगळी चूक एकाच जागी आहे: आवड आरशात शोधतात. ती शोधायची सोमवारात. तुमचा सोमवार कर्वे रोडच्या गर्दीत जात असेल तर अडीचशे किलो पायात घेऊन क्लच दाबत बसण्यात कसली चव? तिथे हलकी, छोट्या चाकाची साडेतीनशे किंवा आपली घरची अ‍ॅव्हेंजर पुरे. तिचं वजन १६३ किलो आणि सीट ७३७ मिलिमीटर, पाय पसरायची हौसही फिटते. तुमचं गाव साताऱ्याच्या पुढे असेल आणि दर पंधरवड्याला महामार्गानं जाणं असेल तर दोन सिलिंडरची साडेसहाशे शोभेल. दिवसभर शंभराच्या आसपास चालवली तरी ती कुरकुरणार नाही, हप्ता भरताना तुम्ही कुरकुराल. घाटाची खरी ओढ असेल तर क्रूझरचा नाद सोडा आणि पाय मधोमध ठेवणारी घ्या, कोण काय म्हणेल याची पर्वा न करता. आणि चाचणी घेताना एकट्यानं रिकाम्या रस्त्यावर चक्कर मारून येऊ नका. जी व्यक्ती मागे बसणार तिला बसवा, घराजवळच्या सगळ्यात वाईट गतिरोधकावरून न्या, मग पार्किंगच्या उतारावरून स्वतः मागे ढकलून बघा. उतरल्यावर मागून जो शब्द येईल तो ब्रोशरमध्ये छापलेला नसतो.

एवढं केलं तर आवड खरंच पर्सनल म्हणता येईल. पण करणार कोण? शेजाऱ्यानं घेतली म्हणून साडेतीनशे, मेव्हण्यानं घेतली म्हणून साडेसहाशे, मेव्हण्याच्या साहेबानं घेतली म्हणून हार्ली. दहा माणसांच्या नजरांची बेरीज करायची आणि उत्तराखाली स्वतःची सही ठोकायची, असं चाललंय.

माझी आता सगळी भिस्त एका नव्या भानगडीवर आहे. रॉयल एनफील्डनंच नोव्हेंबर २०२४ मध्ये मिलानला ‘फ्लाइंग फ्ली’ नावाची मोटारसायकल दाखवली. दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटला बांधून खाली सोडायच्या सव्वाशे सीसीच्या गाडीवरून हे नाव घेतलंय. पण ही नवी चालते विजेवर. म्हणजे ना धडधड, ना थरथर, ना फटाके, ना तिसऱ्या मजल्यावरचं बाळ जागं. उद्या या कुळातल्या सगळ्याच गाड्या अशा मुक्या झाल्या तर? पहाटे सहाला गृहस्थ जॅकेट घालून निघाले आणि सोसायटीला पत्ताच नाही! त्या दिवशी शोरूमबाहेर रांग किती उरते ते मला बघायचंय. जे उभे राहतील त्यांची आवड त्यांची स्वतःची, त्यांच्याबद्दल एक अक्षर काढणार नाही. बाकीच्यांची आवड मुळातच आपल्या सगळ्यांच्या मालकीची होती, नुसता हप्ता ते भरत होते.